डांबर सोडायचं नाही

६ मे १९८५, सोमवार

रस्त्याच्या मुकादमीतून निवृत्त झालो तेव्हा एक कोरं मस्टर, हजेरीची वही, माझ्याकडे राहून गेलं. परत करायला हवं होतं. पण त्यात मैल आणि फर्लांगाचे रकाने आहेत आणि रस्त्यावर आता सगळं किलोमीटरनं चालतं, तेव्हा ते कोणालाच नको असेल अशी मी मनाची समजूत घातली. दोन वर्षं ट्रंकेत पडून होतं. आज काढलं, कारण आज लिहिण्यासारखं घडलं.

ललिताला नेमणुकीचा कागद आला. नाकाडोंगरीच्या शाळेत मास्तरीण. एक जुलैला सकाळी साडेदहाच्या आत हजर व्हायचं, नाही झाली तर यादीतल्या पुढच्या नावाला जागा जाईल, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. ललिता माझ्या धाकट्या भावाची, भैय्यालालची मुलगी. तो गेला त्याला येत्या जुलैत अकरा वर्षं होतील. तेव्हा ही नऊ वर्षांची होती. आम्हा नवराबायकोला मूल नाही, तेव्हा जी काय आहे ती हीच.

घरापासून शाळा सहा मैल. बस तिथं पावणेबाराला पोचते. एकट्या पोरीला गावात खोली कोण देणार, आणि आमचं आडनाव ऐकल्यावर तर आणखीच अडचण. मी हे सगळे हिशेब मनात करत होतो तोवर पोरगी म्हणाली की ती सायकलीनं जाईल.

मी नाही म्हणालो. जेवलोही नाही. पंचफुलेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ताट झाकून ठेवलं आणि पुन्हा विचारलं नाही.

९ मे, गुरुवार

आज माझ्याविरुद्ध दोन आघाड्या उघडल्या. एक पंचफुला, दुसरी धुरपता.

धुरपता म्हणजे भैय्यालालची बायको, ललिताची आई. मी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणून रीतीप्रमाणे ती माझ्याशी बोलत नाही. समोर आलो की डोक्यावर पदर ओढून भिंतीकडे तोंड करते. तिला मला काही सांगायचं असलं तर ती पंचफुलेला सांगते. पंचफुला घरी नसली तर गाईला सांगते आणि मी ऐकतो. एका अंगणात बावीस वर्षं झाली, पण मला उद्देशून तिनं एक शब्द उच्चारल्याचं आठवत नाही. आम्ही धम्म घेतला, देव सोडले, पण ही रीत काही सुटली नाही.

तर आज धुरपतेनं गाईला सांगितलं की पोरीच्या बापाच्या जिवावर उठलेला रस्ता म्हणून पोरीनं काय जन्मभर चुलीपुढं बसावं का. गाय काही बोलली नाही. मीही नाही बोललो.

मला तिचं आश्चर्य वाटलं. नवरा त्या रस्त्यावर गेलेली बाई असं कसं म्हणू शकते? कदाचित इतक्या वर्षांत विसरली असेल.

१३ मे, सोमवार

भैय्यालालनं सायकल घेतली ते साल एकाहत्तर. तो खदानीवर मॅंगनीज फोडायच्या कामाला लागला होता. काळी, बावीस इंची. ग्रामपंचायतीचा पितळी बिल्ला पुढं लावलेला, रॉकेलचा दिवा, आणि घंटी अशी की तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वाजवली तर आमच्या अंगणात कळायचं तो आला. तेव्हा अख्ख्या गावात चार सायकली. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला आम्ही दोघं डबलसीट जायचो. डबलसीटला बंदी होती, म्हणून तुमसरच्या चौकाआधी मी उतरायचो, पायी चौक ओलांडायचो आणि पुढं जाऊन पुन्हा बसायचो. शिपायाला ठाऊक होतं. तो मला पाहून नुसता मिशीत हसायचा. दिवा नसला की मात्र चाकाची हवा सोडून द्यायचा, त्यात दयामाया नव्हती.

ते दिवस आठवले की आजही बरं वाटतं. मागं बसलेला मी, थोरला आणि सरकारी मुकादम, आणि पुढं पायडल मारणारा तो, गाणं म्हणणारा. गाणं त्याला एकच यायचं.

त्याची एक खोड होती. बारा फुटी डांबर, त्यावर तो काठापासून हातभर आत चालायचा. मागून ट्रक आला तरी खाली उतरायचा नाही. बाकी सगळं गाव हॉर्न वाजला की डांबर सोडून मुरमाच्या साइडपट्टीवर जायचं. मी सांगितलं तर म्हणायचा, आपल्या आज्यानं पाटलाची घोडी दिसली की रस्ता सोडला, बापानं मोटार दिसली की सोडला, आता माझ्याच्यानं होत नाही. हसत म्हणायचा, पण म्हणायचाच.

आज ललितानं मला एक पातळ पुस्तक आणून दाखवलं. वाहतुकीचे नियम, शाळेत मुलांना शिकवायला. म्हणाली, तुम्ही शिकवत नसाल तर मी तुमसरला ताराचंदच्या दुकानावर जाऊन शिकते. ताराचंद सायकल दुरुस्त करतो, त्याला स्वतःला सरळ चालवता येत नाही. बत्तीस वर्षं ज्यानं रस्ता राखला त्याच्या घरची पोरगी ताराचंदकडून रस्ता शिकणार? मी हो म्हणून टाकलं. नंतर लक्षात आलं की तिला हेच पाहिजे होतं.

१७ मे, शुक्रवार

मंगळवारी ताराचंदकडून जुनी लेडीज सायकल आणली. तलाव आटलाय, पात्र टणक झालंय. तिथं मी चुन्यानं दोन रेघा मारल्या, मोजून बारा फूट. मधलं डांबर, बाहेरची साइडपट्टी. गावातली अर्धी माणसं पाळीवर येऊन बसली आणि फुकटचे सल्ले देऊ लागली.

ललिता तिसऱ्या दिवशी तोल सांभाळायला लागली. भैय्यालालला आठ दिवस लागले होते, आणि तेही कैची मारत, दांड्याखालून पाय घालून. सीट धरून मागं पळताना मी साठ वर्षांचा असल्याची आठवण गुडघ्यांनी करून दिली.

२२ मे, बुधवार

शनिवारी ताराचंदकडून रबरी पोंगा मागून आणला. आता मीच ट्रक. मागून चालतो आणि पोंगा वाजवतो. वाजला की ललितानं रेघ ओलांडून खाली उतरायचं, ट्रक गेला की परत वर यायचं. पोरगी हुशार आहे. चार दिवसांत पोंगा वाजायच्या आत उतरायला लागली. पाळीवरच्या लोकांनी वाहवा केली.

नंतर घरी तिनं पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. “सायकलस्वाराने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावे. मात्र काठाला चिकटून चालू नये. काठापासून साधारण एक हात अंतर राखावे, म्हणजे मागील चालकास तो स्पष्ट दिसतो व चाक घसरण्याचा धोका राहत नाही.”

मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “मोठेबाबा, डांबर सोडा म्हनून याच्यात कुठंच नाई लिवलं.”

मी म्हणालो, पुस्तक लिहिणारा शहरातला. त्याला मॅंगनीजचा ट्रक ठाऊक नाही. ती पुढं काही बोलली नाही, पण पुस्तक तिनं बंदही केलं नाही. भैय्यालालसुद्धा असाच गप्प बसायचा, मान्य नसलं की.

२९ मे, बुधवार

आज पहिल्यांदा खऱ्या रस्त्यावर, पण पायी. मी तिला सायकल हातात धरून चालायला लावलं आणि रस्ता समजावला. सहाव्या मैलापासून बाराव्यापर्यंत हा रस्ता माझा होता. कुठं मोरी, कुठं वळणावर पळसाचं झाड ट्रक झाकतं, कुठं डांबराखालची गिट्टी मी बहात्तरच्या दुष्काळी कामावर स्वतः फोडून घेतलेली, सगळं सांगितलं. तिला गंमत वाटली. म्हणाली, तुम्ही तर घरच्या माणसांसारखी ओळख करून देता.

नवव्या मैलाच्या तिसऱ्या फर्लांगाच्या दगडाजवळ मी सहसा थांबत नाही. बसमध्ये असलो तर तिथं तंबाखू मळायला घेतो. तो भैय्यालालचा दगड. आज थांबलो. बाकी सगळीकडे डांबराचा काठ उघडा पडलाय, पण तेवढ्या आठदहा हातांत साइडपट्टी डांबराला सपाट भरलेली आहे. माझ्या नोकरीत मी त्या जागेसाठी कधी माणूस लावला नाही, लावायला जीभ वळत नसे. तरी ती भरलेली असायची. माझ्या हाताखालचे मैलकुली, रस्त्याचे मजूर, माझ्यावरच्या मायेनं न सांगता भरत असणार. आता गोपीचंद मुकादम आहे, तोही भरतो. बरा माणूस दिसतो.

४ जून, मंगळवार

पंचफुला सकाळपासून चिडलेली. घमेलं कोण नेतं आणि लाल मुरूम लावून परत ठेवतं, म्हणून. आपल्या वाडीत तर काळी माती. मी म्हणालो, कोंबड्यांच्या खुराड्याला धुरपतेनं आणला असेल. धुरपता तिथंच धान पाखडत होती. तिनं पदर ओढून घेतला.

८ जून, शनिवार

आज ललिता रस्त्यावर चालवत होती, मी मागं उधार मागून आणलेल्या सायकलीवर. दहाव्या मैलात मागून रिकामा ट्रक आला. हॉर्न दिला. पोरीनं मी शिकवल्याप्रमाणे क्षणात डांबर सोडलं.

काठाला वीतभर खड्डा होता. पुढचं चाक खाली गेलं, ती घाबरून वर यायला गेली, चाक डांबराच्या कडेला घासलं आणि सायकल आडवी झाली. रस्त्याच्या बाजूला. ट्रकवाला सावध होता, त्यानं आधीच पलीकडं दाबून घेतलं होतं. तिचं कोपर आणि गुडघा सोलला, बाकी काही नाही.

बाकी काही नाही, असं मी चार वेळा मोठ्यानं म्हणालो असेन. ती उठून उभी राहिली, साडी झटकली, मला म्हणाली बसा जरा. मी रस्त्याच्या कडेला बसलो.

९ जून, रविवार

हे मस्टर आहे. अशाच मस्टरात मी खोटं लिहिलेलं आहे. एकदाच लिहिलं होतं, पण त्याला एकदा म्हणता येत नाही, कारण ते अजून तसंच आहे.

साल चौऱ्याहत्तर, जुलैचा शेवटचा आठवडा. नवव्या मैलात पाण्यानं साइडपट्टी वाहून गेली होती. तिसऱ्या फर्लांगाला डांबराचा काठ वीतभराहून जास्त उघडा. त्या आठवड्यात मुरूम टाकून ठोकून घ्यायचा हुकूम होता. माझे आठ मैलकुली. पण धानाच्या बांध्यांमध्ये पाणी नुकतंच साचलं होतं, रोपांचे पऱ्हे हाताबाहेर चालले होते, प्रत्येकाची रोवणी खोळंबलेली. त्यांनी सुट्टी मागितली. सुट्टी द्यायची मुभा नव्हती. मी म्हणालो, जा चार दिवस, पण पहिले दोन दिवस माझ्या बांधीत पऱ्हे पोचवा. मस्टरवर लिहिलं, आठ हजर, साइडपट्टी भरली, ठोकली.

त्याच सुमाराला एक ट्रकवाला माझ्याकडे कुरकुर करून गेला की तुमचा भाऊ रस्ता सोडत नाही. रात्री जेवताना मी सगळ्यांसमोर भैय्यालालला झापलं. मुकादमाचा भाऊ म्हणवतोस आणि माझीच लाज काढतोस, उद्यापासून हॉर्न वाजला की डांबर सोडायचं. त्यानं ताटात हात धुतला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खदानीवर जाताना त्यानं माझं ऐकलं. मैल नऊ, फर्लांग तीन.

निरोप घेऊन माणूस आला तेव्हा मी बांधावर उभा होतो. आठही मैलकुली गुडघाभर चिखलात, पऱ्ह्यांच्या पेंढ्या टाकत होते. पुढं बायांची ओळ, धुरपता त्या ओळीत तिसरी. तिच्या हातात पऱ्हे होते, ते तिनं आधी रोवले आणि मग वर पाहिलं. हे मला अजून दिसतं.

चौकशी झाली. मस्टरवर पट्टी भरलेली होती, तेव्हा सायकलस्वाराची चूक असं ठरलं. मी मान डोलावली. रातोरात मुरूम पडला आणि माझं लिहिलेलं खरं झालं. त्यानंतर अकरा वर्षं मी गावाला भैय्यालालचा दाखला देत आलो, की बघा, रस्ता न सोडल्यानं काय होतं. रस्ता सोडल्यानं गेला तो. आणि तेच मी त्याच्या पोरीला पोंगा वाजवून शिकवलं.

१२ जून, बुधवार

काल सांगून टाकलं. ललिता अंगणात कोपराला हळद लावत बसली होती, पंचफुला चुलीशी. धुरपता भिंतीपलीकडं सुपात धान पाखडत होती. सगळं सांगितलं, मस्टर, रोवणी, जेवतानाचं बोलणं. मध्ये थांबलो नाही. भिंतीपलीकडचं सूप एकदा थांबलं आणि मग पुन्हा सुरू झालं. बहुधा तिला ऐकू गेलं नसेल. गेलं असतं तर ती रडली असती, ओरडली असती. तसं काहीच झालं नाही. पंचफुलेनंही मान वर केली नाही.

ललितानं हळदीची वाटी खाली ठेवली. ती आता उठेल, आईला घेऊन घराबाहेर पडेल, असं मला वाटलं. तशी ती गेली असती तर मी थांबवू शकलो नसतो.

मग ती म्हणाली, “बाबाची चूक नोती त मंग.”

मी म्हणालो, नव्हती.

“मंग आता मी डांबर सोडून नाई रायली.”

एवढंच. मग तिनं मला पाणी आणून दिलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

१४ जून, शुक्रवार

पंचफुलेनं फडक्यात बांधलेली एक वस्तू आणून माझ्यापुढं ठेवली. धुरपतेनं दिली, म्हणाली, पोरीच्या सायकलीला लावा म्हणावं. सोडून पाहतो तर भैय्यालालची घंटी. अकरा वर्षं तिच्या पेटीत होती. चिंच लावून घासलेली, काल-परवाच घासली असावी.

चौकशीनंतर सायकल भंगारात गेली तेव्हा घंटी कोणी काढून घेतली हे मला कधी कळलं नव्हतं. आज हे कशाला दिलं असेल, तेही नीट कळलं नाही. विचारायची सोय नाही. मी पंचफुलेला विचारलं तर ती म्हणाली, “तुमाले सगळंच काहून सांगा लागते?”

घंटी लावली. आवाज तोच आहे. मी तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन वाजवून आलो. घरी आलो तेव्हा धुरपता दारात उभी होती, मला पाहून वळली.

२० जून, गुरुवार

नवं शिक्षण सुरू. चुन्याच्या रेघा पुन्हा मारल्या, या वेळी आत एक तिसरी, डाव्या काठापासून हातभर अंतरावर. ललितानं तीच धरायची. पोंगा वाजला तरी तीच. सरळ पाहायचं, मागं वळायचं नाही, वळलं की हँडल वळतं. ट्रक जवळ आला तर उजवा हात बाहेर काढायचा नाही, डगमगायचं नाही, त्याला दिसू द्यायचं की तू इथं आहेस. माणूस ठळक दिसला की ट्रकवाला आपणहून जागा काढतो. माणूस कडेला अंग चोरत असला की त्यालाही वाटतं आपल्याला वाट दिली, आणि तो घासून जातो. बत्तीस वर्षं मी हे उघड्या डोळ्यांनी पाहत होतो आणि शिकवत उलटं होतो.

सवय मोडायला वेळ लागतोय. पहिल्या दहा पोंग्यांना ती दहाही वेळा रेघेबाहेर गेली. पाळीवरच्या एकानं ओरडून सांगितलं की मुकादम, पोरीले मारता का. मी पुन्हा पोंगा वाजवला. डांबर सोडायचं हे त्याला मीच शिकवलं होतं.

२५ जून, मंगळवार

गोपीचंद मुकादम पाणी प्यायला थांबला. मी त्याला नवव्या मैलातल्या पट्टीबद्दल शाबासकी दिली. तो गोंधळला. म्हणाला, “काका, नवव्या मैलात आमची गँग यंदा गेलीच नाई. मागच्या सालीही तिथं भरलेलंच होतं, म्हनून आमी पुढंच गेलो.”

मग कोण भरतं? खदानवाले भरत असतील, त्यांचेच ट्रक जातात. पण मग फक्त आठ हात का भरतील? विचार करून डोकं दुखलं, सोडून दिला.

पाण्यानं काठ पुन्हा कापले जायला लागलेत. या दोन दिवसांत ती जागाही पोखरली असेल.

२८ जून, शुक्रवार

तलावात पाणी आलं, रेघा गेल्या. आज ती खऱ्या रस्त्यावर हातभर आत चालली. मी मागं. दोन ट्रक आले. पहिल्यानं खूप हॉर्न दिला. तिचे खांदे वर चढले, पण चाक हललं नाही. ड्रायव्हरनं वेग कमी केला, पलीकडची दोन चाकं मुरमावर उतरवली आणि जाता जाता शिवी दिली. दुसऱ्यानं शिवीही दिली नाही.

ती पुढं जाऊन थांबली. म्हणाली, “मोठेबाबा, तो उतरला.” आणि हसायला लागली. मग मीही. दोघं रस्त्यावर वेड्यासारखे हसत होतो. भैय्यालाल असता तर त्यानं ते एकुलतं एक गाणं म्हटलं असतं.

३० जून, रविवार

उद्या हजर व्हायचंय. पंचफुलेनं निळी साडी काढून ठेवली, धुरपतेनं पोहे कुटले. ललिता पुस्तक पिशवीत घालून झोपली.

मी ठरवलंय, उद्या उजाडताच घमेलं आणि फावडं घेऊन नवव्या मैलात जायचं. बाकी रस्त्याचं मी काही करू शकत नाही. ती जागा तरी तिच्या आधी भरलेली असावी. घमेलं मात्र आत्ताच सापडत नाहीये.

१ जुलै, सोमवार

फावडं आणि एक जुनं टोपलं घेऊन निघालो. आभाळ भरलेलं, रस्ता ओला. तिसऱ्या फर्लांगाच्या दगडाजवळ कोणीतरी वाकलेलं दिसलं. बाई होती. आमचं घमेलं होतं. शेजारी मुरूम ठोकायला धुम्मस म्हणून वापरलेला लाकडाचा ओंडका होता.

धुरपता.

मला पाहून तिनं पदर ओढला, पण या वेळी वळायला भिंत नव्हती. ती तशीच उभी राहिली, हात कोपरापर्यंत लाल. खाली अर्धी पट्टी भरून झालेली.

अकरा वर्षं मी आधी मैलकुलींच्या मायेला आणि मग गोपीचंदला शाबासकी देत होतो. ती त्या दिवशी रोवणीच्या ओळीत तिसरी होती. माझी आठही माणसं तिच्या मागं चिखलात उभी होती. मस्टरवर काय लिहिलंय हे तिला वाचायची गरज नव्हती. पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं आणि मी ते माझ्या एकट्याचं समजून बसलो होतो. माझ्या तोंडून कधी येतं याची वाट पाहत तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं, मला भाकरी वाढली, आणि दर पावसाळ्याच्या तोंडाशी इथं येऊन माझं काम केलं.

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही, चूक माझी, असंच काहीतरी असणार.

ती डांबराकडे पाहत म्हणाली, “त्या दिवशी बांधीत मी बी होती.”

बावीस वर्षांत मला उद्देशून बोललेलं ते तिचं पहिलं वाक्य. मला काय म्हणून हाक मारायची हे तिला कधी ठरवावंच लागलं नव्हतं, म्हणून तिनं हाक मारली नाही. मी वाकलो आणि फावडं लावलं.

मी मुरूम ओढला, तिनं वाहिला. मी ठोकायला घेतलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, “या कडेले अजून एक घमेलं लागते.” बरोबर होतं, लागत होतं. मी आणून टाकलं.

मग घंटी ऐकू आली. आम्ही दोघंही उठून दगडामागं उभे राहिलो. ललिता वळणावरून आली, निळी साडी, पाठ ताठ, काठापासून हातभर आत. तिच्या मागं ट्रक होता. त्यानं हॉर्न दिला. धुरपतेनं माझा सदरा मागून मुठीत धरला, रीतभात सगळी विसरून.

ललिता हलली नाही. ट्रकनं पुन्हा हॉर्न दिला, मग वेग कमी केला, पलीकडं दाबला आणि सावकाश पुढं निघून गेला. तिनं एकदा घंटी वाजवली. आमच्याकडे तिनं पाहिलं नाही. सरळ पाहायचं असं मीच शिकवलंय. ती पळसाच्या झाडापलीकडं दिसेनाशी होईपर्यंत आम्ही उभे होतो, आणि तोवर माझा सदरा सुटला नाही.

घरी आल्यावर हे मस्टर काढलं. बाकीचं सगळं वर लिहिलं आहे. रकान्यातलं तेवढं राहिलं होतं.

मैल नऊ, फर्लांग तीन. डावी साइडपट्टी. मुरूम भरला, ठोकला. हजर दोन.